जावईबापूंचा कागद

दादा,

तुला जाऊन बारा दिवस झाले. काल तुझी शोकसभा उरकली. उरकली हाच शब्द बरोबर, कारण फंक्शन रूम सहा ते आठ एवढीच मिळाली होती. इथे सिंगापुरात कुणाच्या तरी कॉन्डोत, पोहण्याच्या तलावाशेजारी. टेबलावर तुझा फोटो, फोटोला हार, आणि हाराला खेटून समोशांचा ट्रे. बाहेर पोरं पाण्यात उड्या मारून किंचाळत होती, आत मंडळी चेहरे लांब करून एकमेकांना फ्लॅटची भाडी विचारत होती. तू असतास तर दाराजवळची खुर्ची धरून पंधराव्या मिनिटाला सटकला असतास. काल तुला बिचाऱ्याला तीही सोय नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष बोलले. तू मितभाषी होतास आणि गप्पांची मैफल रंगवणारा होतास, दोन्ही एकाच वाक्यात. हा माणूस तुला उभ्या आयुष्यात दोनदा भेटला असेल. त्यातल्या एका वेळी त्याने तुला प्रिंटर दुरुस्त करतोस का म्हणून विचारलं होतं. पण मेलेल्या माणसावर बोलायला ओळख लागते कुठे? मग त्यांना तुझं बगदाद आठवलं. वहिनीने दिलेल्या कागदावर तेवढंच काहीतरी वेगळं होतं.

"त्यांचं बालपण बगदादला गेलं," अध्यक्ष म्हणाले. "वडील तिथे इंजिनियर. तेव्हा तिथली शिस्त काय वर्णावी! रस्ते चकाचक. रस्त्यावर कागदाचा कपटा टाकायची कुणाची टाप नव्हती. माणूस कडक होता, मान्य आहे, पण कामं करून घेणारा होता. आपल्याकडेही दहा वर्षं असा एखादा पाहिजे."

आणि माना डोलल्या, दादा. वीस-बावीस सुशिक्षित माना. यातल्या निम्म्यांच्या घरी मुलगा एका हाकेत जेवायला येत नाही, म्हणून देशाला हुकूमशहा हवा. स्वतःच्या घरात कुणी ऐकत नसलं की माणसाला हुकूमशहा फार आवडतो, हे तुझंच वाक्य. तू ते माझ्या कानात म्हणायचास. मी काल मोठ्याने म्हणाले. आणि मग, कपट्याचा विषय त्यांनीच काढला होता म्हणून, मी उभी राहिले आणि आपल्या कागदाची गोष्ट सांगून टाकली. तुला न विचारता. आता विचारणार तरी कुणाला?

या एकाच गोष्टीवरून आपण दोघं सत्तावीस वर्षं भांडलो. मी म्हणायचे, माझ्या हातातल्या कागदामुळे अबू नबीलना धरून नेलं. तू म्हणायचास, कागदाने कुणी कुणाला नेत नाही. मी म्हणायचे, त्या देशात न्यायचे. तू म्हणायचास, तू लहान होतीस, सोड. इथे येऊन भांडण संपायचं नाही, फक्त थांबायचं.

काल मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. आप्पांची कंपनी तिथे घरं बांधत होती आणि आपण एका दुमजली घरात वरच्या मजल्यावर राहत होतो, खाली अबू नबील, त्यांची बायको उम्म नबील आणि तुझ्याएवढा मुलगा नबील. इराणशी लढाई सुरू होऊन वर्ष झालेलं. गल्लीच्या भिंतींवर मेलेल्या पोरांच्या नावांच्या काळ्या पट्ट्या. टॅक्सीच्या टपावर झेंड्यात गुंडाळलेली पेटी दिसली की आई आपली तोंडं खिडकीपासून वळवायची. आणि जिथे तिथे अध्यक्षांच्या त्या कडक माणसाचा फोटो. वहीवर तो, घड्याळात तो, किराणा दुकानात तेलाच्या डब्यांच्या वर तो, टीव्हीवर कार्टूनच्या आधी त्याचं गाणं. तिथल्या मुलांनी त्याला 'बाबा' म्हणायचं असा दंडक होता. लाखभर पोरांचे खरे बाप लढाईला धाडायचे आणि वर स्वतःला बाप म्हणवून घ्यायचं, इतका निलाजरेपणा मी पुढे कुठल्या नोकरीतही पाहिला नाही, आणि मी बँकेत आहे.

आपल्या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, असा आप्पांचा हुकूम. भिंतींना कान. मग आईने त्याला नाव ठेवलं, जावईबापू. का, तर त्याचा फोटो कुठे ठेवावा हा सतत प्रश्न. पायाखाली यायला नको, खरकट्यात जायला नको, वाकडा टांगायला नको, सदैव मान राखायचा, आणि काम म्हणाल तर शून्य. "जावईबापू आलेत टीव्हीवर, आवाज मोठा कर गं, खाली ऐकू जाऊ दे." आई हे इतक्या शांतपणे म्हणायची की आपण दोघं उशीत तोंड खुपसून हसायचो.

आणि ती रद्दी! हे सांगताना काल काही जण चक्क हसले, तेवढा वेळ मला ते बरे वाटले. ऑफिसातून आप्पा इंग्रजी पेपर आणायचे. रोज पहिल्या पानावर जावईबापू. हसताना, बंदूक उडवताना, शेतात गव्हाच्या लोंब्या हातात धरून. पेपर फाडायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही, कुणी पाहिलं तर पंचाईत. रद्दीवाला तिथे नाही. मराठी घरात रद्दी साठते आणि ती विकता येत नाही, याहून मोठी शिक्षा कुठली असणार? आईने तोड काढली. आतली पानं वापरायला, आणि पहिली पानं घडी करून आपल्या पलंगाखाली. ढीग वाढत वाढत गादीच्या फळीला टेकला. त्या सगळ्या तोंडांवर आपण दोघं रात्री पाठ टेकून झोपायचो.

दिवाळीला आईने चकल्या केल्या. लढाई चालू असली, तेल रांगेत उभं राहून मिळत असलं, तरी चकल्या झाल्याच पाहिजेत. आणि फराळ झाला की पहिलं ताट शेजारी गेलंच पाहिजे. शेजारी कोण आहे, त्याला दिवाळी ठाऊक आहे का, हा प्रश्न आईला कधी पडला नाही. ताटावर विणलेला रुमाल घालून, "सांडू नका" म्हणून तिने आपल्या दोघांना जिन्यावरून पाठवलं. पण ताट पितळी, जड, आणि जिन्यात दिवा लावायची बंदी होती. मला भीती वाटली. मी परत वर पळाले, तू दारात थांबलास. मी पलंगाखालून हाताला आला तो कागद ओढला आणि चकल्या त्यात बांधल्या. नऊ वर्षांच्या मुलीची अक्कल. ताट नको, पुडा बरा.

अबू नबीलनी पुडा उघडला, आणि आत जावईबापू. गव्हाच्या लोंब्या धरलेले. गालावर, मिशीवर, कपाळावर तेलाचे डाग. उम्म नबीलच्या तोंडाचा रंग उडाला. पण अबू नबील, तो जाडा, ढेरपोट्या, वीजखात्यातला माणूस, खदाखदा हसला. चकली तोंडात टाकली आणि म्हणाला, "बघा, हा माणूस पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला. तेल टिपतोय!"

आपण सगळे हसलो. नबील हसला, तू हसलास, मीही हसले, कारण मला एवढं अरबी कळलं याचाच आनंद झाला होता. उम्म नबीलने कागदाची बारीक बारीक घडी केली आणि मुठीत धरली. ती घडी पुढे कुठे गेली, हे मी आजपर्यंत शोधतेय.

तीन आठवड्यांनी सकाळी आपण शाळेला निघालो तेव्हा खालचं दार सताड उघडं होतं. नबील पायरीवर बसला होता, एकाच पायात मोजा. आप्पा म्हणाले, बघू नका, चला. चार दिवसांनी ती मायलेकंही गेली आणि दाराला लाखेचं सील लागलं. आप्पांनी घरात एवढंच सांगितलं, "आपल्याला काय करायचंय?" आपल्या त्या भल्या वडिलांचं हे घोषवाक्य. ज्या माणसाने आपल्या स्कूटरची किल्ली हरवली तेव्हा अर्धी रात्र टॉर्च घेऊन शोधायला मदत केली, त्या अबू नबीलसाठी या तीन शब्दांपलीकडे आप्पांकडे काही नव्हतं. आई त्या रात्री पलंगाखालचा ढीग न्हाणीघरात पाण्यात भिजवत बसली. लगदा करून मोरीतून सोडला. मोरी तुंबली ती आपण तो देश सोडेपर्यंत तुंबलेलीच होती.

तर हे मी सांगितलं. आणि शेवटी म्हणाले की माझा भाऊ मला जन्मभर सांभाळून घेत राहिला, चूक माझी होती आणि तो ती नाहीच म्हणायचा. अध्यक्षांनी मला पाण्याचा ग्लास दिला आणि आठ वाजत आलेत असं घड्याळाकडे बघून सुचवलं. तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालंच, "पण रस्ते चकाचक होते हो." यांना काय सांगायचं? पालथ्या घड्यावर पाणी.

दादा, आता मी तुझ्याकडे वळते. कारण माझ्या तिरस्काराच्या यादीत काल रात्री साडेआठपासून तुझंही नाव आहे, आणि ते बरंच वर आहे.

त्याआधी एक कबूल करते, कारण रागावले तरी खोटं लिहिणार नाही. जावईबापूंच्या वाढदिवसाला आपल्या शाळेलाही झेंडे घेऊन उभं केलं होतं, आठवतं? परक्यांची शाळा, पण कौतुक सक्तीचं. तीन तास उन्हात. पाणी प्यायला हात खाली करायचा नाही. मी चड्डीत केली. मी रडणार एवढ्यात तू मागच्या रांगेतून आलास, तुझी पाण्याची बाटली तुझ्या चड्डीवर ओतलीस आणि उरलेली माझ्यावर. बाईंनी तुझ्या कानाखाली वाजवली, पाणी सांडलं म्हणून. आपण दोघं ओले, कुणाला काही कळलं नाही. याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नाहीत. आज मानते. माझ्यासाठी एवढा भराभर विचार दुसऱ्या कुणीच कधी केला नाही.

म्हणून तर राग येतो. इतका भराभर विचार करणारा माणूस सत्तावीस वर्षं गप्प बसला.

जावईबापूंचा पुतळा पाडला त्या आठवड्यात तू माझ्याकडे बेडोकला आला होतास. आपण हॉकर सेंटरमध्ये बसलो होतो, वरच्या टीव्हीवर तोच पुतळा पुन्हा पुन्हा पडत होता. शेजारच्या टेबलावरचे अंकल नूडल्स खाता खाता म्हणाले, "वाह, सो बिग, आह." मी टाळी वाजवली. जावईबापू आपटले! तू समोरचा चहा ढवळत राहिलास, साखर केव्हाच विरघळली होती. मी म्हणाले, "आता तरी चौकशी कर ना. तिथे म्हणे कार्यालयांतून कागद सापडतायत. माणसं नावं शोधतायत." तू म्हणालास, "कागदाने कुणाला नेलं नाही." मी विचारलं, "मग कशाने नेलं?" तू परत तेच. "तू लहान होतीस गं. सोड." मी उठून घरी गेले आणि तीन महिने तुझ्याशी बोलले नाही. मला वाटलं तू माझी कीव करतोस. मला कीव नको होती, मला तू म्हणायला हवा होतास की हो, तुझीच चूक. शिक्षा तरी झाली असती.

इथल्या अरब स्ट्रीटवर तो अत्तरवाला म्हातारा तुला बघून अरबीत काहीतरी म्हणाला होता. तू म्हणालास, "सॉरी, नो अरेबिक." मी हसले. ज्या मुलाला अरबीत शाळेत पहिलं बक्षीस मिळालं, ज्याला आप्पांनी त्यासाठी घड्याळ घेऊन दिलं, जावईबापूंचं तोंड नसलेलं, शोधून शोधून आणलेलं, आणि ते तू एकदाही हातात घातलं नाहीस, तो म्हणतो नो अरेबिक. मी म्हणाले, "दादा, तू जन्माचा विसरभोळा." तू हो म्हणालास.

आणि तू विनोद सांगायचा नाहीस. दुसऱ्याच्या विनोदाला हसायचास, पोट धरून हसायचास, पण स्वतः कधी सांगितला नाहीस. वहिनी म्हणायची, याला विनोद जमत नाही. जमत होता रे. लहानपणी तूच आईची नक्कल करून आम्हाला हसवायचास.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही. मी स्वतःच्या कागदात एवढी गुंतले होते. अपराधी वाटून घेण्यातही एक ऐट असते, ती मला होती.

काल सभेनंतर मी तुझ्या घरी, बुकित बातोकला गेले. वहिनी पाहुण्यांना चहा देत होती. ईशा तिच्या खोलीत पलंगावर बसून शाळेच्या फायली उलटत होती. तुझी लेक बारा वर्षांची झाली आणि रडली की अगदी तुझ्यासारखी नाक वर ओढते. मी शेजारी बसले. ती मला म्हणाली, "आत्या, व्हाय यू टेल एव्हरीवन न्यूजपेपर, न्यूजपेपर? इट्स नॉट द न्यूजपेपर, लाह."

मी म्हणाले, "तुला काय माहीत बाळा, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस."

"बाबाने सांगितलं," ती म्हणाली. "फॉर माय वर्कशीट."

फेब्रुवारीत त्यांच्या शाळेत लढाईची आठवण म्हणून एक दिवस पाळतात. भोंगा वाजवतात, कॅन्टीनमध्ये उकडलेला टॅपिओकाचा कंद खायला घालतात, जपान्यांच्या राजवटीत इथली मुलं हेच खाऊन जगली म्हणून. आणि घरी कामाला एक कागद देतात. लढाईच्या काळात लहान असलेल्या एखाद्या माणसाची मुलाखत घ्या. बाकीच्यांनी आपापले आजीआजोबा गाठले. ईशाने तुला गाठलं.

तिने फाईलमधून कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. गोल गोल अक्षर. पहिले सहा प्रश्न काय खायचात, कुठे लपायचात, असले. त्यांची उत्तरं तू एकेका ओळीत दिली आहेस, अगदी तुझ्यासारखी. सातवा प्रश्न होता, या व्यक्तीला कोणत्या गोष्टीचा पस्तावा होतो? त्याखाली तुझी लेक पानाची कड ओलांडून पाठीमागपर्यंत लिहीत गेली आहे. तिच्या इंग्रजीतून मी मराठीत आणतेय.

माझे बाबा अरबीच्या तासाला होते. बाई म्हणाल्या, आपल्या नेत्यावर तुमच्या घरी, शेजारीपाजारी सगळे कसं प्रेम करतात ते अरबीत सांगा. सगळे तेच तेच सांगत होते. बाबांना अरबीत एक पूर्ण विनोद येत होता. तो त्यांनी दिवाळीत खालच्या शेजाऱ्यांकडून ऐकला आणि पाठ केला होता. त्यांनी तो सांगितला. वर्गातली मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बाबांच्या गालावर हात ठेवला आणि प्रेमाने विचारलं, किती छान बोललास, हे कोण म्हणालं? बाबांनी नाव सांगितलं. त्यांना त्या वर्षी अरबीत सर्वांत जास्त मार्क मिळाले. तो माणूस परत आला की नाही, माझ्या बाबांना माहीत नाही.

खाली शाळेतल्या टीचरची लाल शाई. 'छान लिहिलं आहेस. पण कृपया सिंगापूरशी संबंध दाखव.'

दादा, मी तो शेरा वाचला आणि मला हसू फुटलं. मग जे काही फुटलं ते हसू नव्हतं. संबंध! संबंध रोज सकाळी बुकित बातोकहून एमआरटीने बुओना व्हिस्टाला जात होता, वन-नॉर्थच्या ऑफिसातल्या लॅबमध्ये बसून कुणाच्या तरी पेशींचे नमुने तपासत होता, आणि त्याला विनोद सांगता येत नव्हता. आणखी काय दाखवायचं होतं पोरीने?

त्या अरबीच्या बाई मला आठवतात. त्यांच्या हाताला गुलाबपाण्याचा वास यायचा. माझ्याही गालावर त्यांनी हात ठेवला असेल. त्यांनाही भीती असेल, मी समजू शकते. वीस पोरांनी ऐकलं, त्या गप्प राहिल्या असत्या तर त्यातल्या एखाद्याने त्यांचंच नाव घरी सांगितलं असतं. पण त्यांना माफ करायचा मक्ता मी घेतलेला नाही. जी राजवट मुलांच्या तोंडातून त्यांच्या शेजाऱ्यांना पकडते, आणि वर मुलाला मार्क देते, तिच्यावर थुंकायलासुद्धा माझ्याकडे थुंकी फुकट नाही. पन्नास राजवाडे बांधले असतील त्याने. जिंकायला मिळालं काय, तर बारा वर्षांचं पोर आणि ढेरपोट्या शेजारी. थू.

आणि तू? तू मला सत्तावीस वर्षं त्या कागदाखाली राहू दिलंस. तुला ठाऊक होतं की कागद नव्हता. 'कागदाने नेलं नाही' एवढं अर्धं खरं तू मला देत राहिलास, भिकाऱ्याला अर्धी पोळी द्यावी तशी, आणि अर्धं स्वतःजवळ ठेवलंस. मला हलकं करायचं तर स्वतःचं नाव घ्यावं लागत होतं. ते तुझ्याने झालं नाही. कसला रे भ्याडपणा! शेवटी तू आप्पांचाच मुलगा. 'तू लहान होतीस' म्हणताना तू स्वतः किती होतास, याचा हिशेब एकदाही केला नाहीस. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा म्हणजे तू काय प्रौढ होतास?

पण मग मला तो रविवार आठवतो, आणि मला माझं तोंडही आरशात बघवत नाही.

जायच्या आधी आठ दिवस आपण बुओना व्हिस्टाला जेवलो. तू म्हणालास, "रविवारी घरी ये. एक सांगायचंय."

मी म्हणाले, "फोनवर सांग ना."

"फोनवर नको."

"का, अजून जावईबापू फोन ऐकतायत?" मी म्हणाले. तुला हसू आलं. माझ्या विनोदाला तू नेहमीसारखा हसलास.

रविवारी मी आले नाही. मला वाटलं तू परत तेच म्हणणार, लहान होतीस, सोड. आणि सोफ्यांचा सेल होता. मी तुला मेसेज केला, पुढच्या रविवारी नक्की. तू 'बरं' असं लिहिलंस. गुरुवारी तू ऑफिसच्या जिन्यात बसलास तो उठला नाहीस. सोफा घरी आला आहे. राखाडी. मी त्यावर बसत नाही.

काल मी ईशाला विचारलं, "हे त्याने तुला सांगितलं तेव्हा तो रडला का गं?"

"नो," ती म्हणाली. "ही जस्ट लुक ॲट द टेबल. सो लाँग. मला वाटलं ही इज अँग्री विथ मी."

"मग तू काय म्हणालीस?"

तिने खांदे उडवले. एवढ्या सोप्या गोष्टीचं काय विचारतेस, असे. "आय सेड, बाबा, यू प्रायमरी सिक्स ओन्ली, व्हॉट. यू वेअर अ किड."

"मग?"

"मग तो म्हणाला, परत म्हण."

"आणि?"

"सो आय सेड अगेन, लाह. देन ही सेड, परत." तिने नाक वर ओढलं. "थ्री टाइम्स, आत्या. मग तो खाली जाऊन माझ्यासाठी आइस्क्रीम घेऊन आला. टू स्कूप्स."

तुला जे माझ्याकडून ऐकायचं होतं, ते तुला तुझ्या मुलीने दिलं, न मागता, गृहपाठ करता करता. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच काढला. मला त्या बाईंचा हात आठवला. मग पुन्हा ठेवला.

अबू नबील परत आले असतील का, मला माहीत नाही. आता तुलाही कुणी विचारणार नाही. आले असतील तर त्यांनी तो विनोद पुन्हा कुणाला तरी सांगितला असेल, असा तो माणूस होता. तेवढं मी मानून चालते.

पोरीने तुला तीनदा म्हटलं. रविवारी आले असते तर चौथ्यांदा मी म्हणाले असते. आता तुझ्या फोटोला म्हणते, आणि समोशांच्या ट्रेला नाही, अध्यक्षांना नाही, फक्त तुला. बारा वर्षांचा होतास, दादा. फार फार लहान होतास रे तू.